तीन मांजरांची साक्ष

रत्नागिरी,
मंगळवार, सकाळ

तीर्थरूप रावजीमामा यांस,

विनीतचा साष्टांग नमस्कार. (खरोखरचा घातला आहे, टेबल बाजूला सरकवून, राजापूरच्या दिशेला डोकं करून. आई साक्षीला आहे.)

डिसेंबरातल्या तिसऱ्या रविवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, भाट्याच्या एका परसात तीन मांजरं एका माडाच्या बुंध्याशी येऊन ओली माती चाटायला लागली आणि त्या क्षणापासून माझं आयुष्य पहिल्यासारखं राहिलं नाही. तुम्ही म्हणाल, खुलासा कॉलेज सोडल्याचा मागितला होता, यात मांजरं कुठून आली. येतील. त्यांच्याशिवाय खुलासा पुरा होत नाही.

तुमचं कार्ड मिळालं. गुडघा कसा आहे? कार्डावर गुडघ्याबद्दल एक शब्द नव्हता, पण पेन ज्या जोराने मागच्या बाजूला उमटलं होतं त्यावरून बाकी प्रकृती उत्तम असावी, असं आईचं मत पडलं. मामींना नमस्कार. तुम्ही लिहिलंत, "तोंडी काही ऐकणार नाही. फोन करू नये. कॉलेज अर्धवट सोडल्याबाबत सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा एकतर्फी निर्णय घेण्यात येईल." सगळा जन्म तहसील कचेरीत काढलेल्या माणसाने भाच्याला दुसरं काय लिहावं. एकतर्फी निर्णय म्हणजे राजापूरला तुमच्या मित्राच्या काजूच्या कारखान्यात मला चिकटवणं, हे आईने फोडलं आहे. काजूशी माझं वैर नाही. पण राजापूरहून भाट्ये लांब पडतं आणि मला सध्या भाट्यापासून लांब जाऊन चालणार नाही. का, ते ओघात येईल. (ओघ जरा मोठा आहे. चष्मा लावून बसा.)

कॉलेजचं आधी उरकतो. ऑगस्टात प्रॅक्टिकलला लंबक होता. दोऱ्याला गोळा बांधायचा, तो झुलवायचा, वीस झोक्यांना किती वेळ लागतो ते बघायचं आणि त्यावरून पृथ्वी किती जोराने ओढते तो आकडा काढायचा. पुस्तकात नऊ पॉइंट आठ दिलाय. वर्गात सगळ्यांचा नऊ पॉइंट आठच आला, कारण सगळ्यांची जर्नलं कोणा एका पूर्वजाच्या जर्नलवरून उतरवलेली असतात. मी एकट्याने खरोखर दोरा बांधला आणि माझा आला दहा पॉइंट आठ. सर म्हणाले, नऊ पॉइंट आठ लिही आणि सही घेऊन जा. मी म्हटलं, जे आलं तेच लिहिणार. सर म्हणाले, तुझ्यासाठी पृथ्वी वेगळी आहे का रे. मी म्हटलं, असेल, रत्नागिरीच्या कातळाखाली काय काय आहे ते कोणी उकरून बघितलंय. वर्ग हसला. मी जर्नल टेबलावर आपटलं (टेबलावरच; सरांना लागलं ही अफवा आहे) आणि बाहेर पडलो तो पडलोच. तुम्ही म्हणता माझं डोकं गरम. आहेच. पण त्या दिवशी ते सत्यासाठी गरम झालं होतं, एवढी नोंद फाइलला असू द्या.

मग घरी बसून करायचं काय, म्हणून प्रमोददादाच्या हाताखाली घरोघरी इंटरनेटची कनेक्शनं जोडायला लागलो. सप्टेंबरात भाट्याला एका घरी गेलो. नम्रताताई म्हणून आहेत, पुण्याहून नवऱ्यासकट सासरच्या घरी राहायला आलेल्या. त्यांची मुलगी मनस्वी, वय दहा, शाळेत जात नाही. घरीच शिकते. याला घरशाळा म्हणतात. (शेजारच्या गोदाकाकी पहिल्या दिवशी मला कुंपणापाशी गाठून विचारत्या झाल्या, "काय रे, पोरीला शाळेत घेत नाहीत काय? दिसायला तर हुशार वाटते.") कनेक्शन हवं होतं ते मुलीच्या विज्ञानासाठी. जगभरच्या भल्या माणसांनी घरी शिकणाऱ्या मुलांसाठी विज्ञानाचे धडे, प्रयोग, चित्रफिती असलं काय काय नेटवर फुकट ठेवलंय. पण ते सगळं इंग्रजीत, आणि नम्रताताई हिशेबनीस, त्यांना विज्ञानाची धास्ती. त्यांनी सहज विचारलं, तुला यातलं काही कळतं का. मी खरं तेच सांगायला निघालो होतो. "मी बीएस्सीला, फिजिक्स," इथपर्यंत आलो होतो आणि "पण सोडलं" म्हणायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात आतून नम्रताताईंची धाकटी बहीण तेजल बाहेर आली. ती ताईंकडेच राहते आणि शहरात एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. ड्यूटीवर निघाली होती. खांद्यावर पांढरा कोट, दातांत स्कूटीची किल्ली, दोन्ही हातांनी केस बांधत होती. माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. पुढचं वाक्य मी त्या घरात तीन आठवड्यांनी सांगितलं, तेही जर्नल आपटल्याची हकीकत रंगवून, मी एकटा सत्यवचनी आणि बाकी सगळे नकलाकार अशी. तेजलने ती हकीकत शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाली, "बरं केलंत." मामा, या दोन शब्दांवर मी दिवाळी काढली.

तर अशा रीतीने आठवड्यातून तीन सकाळी मी मनस्वीचा विज्ञानाचा दादा झालो. फुकट धडे मोठ्या मनाने लिहिलेले असतात, पण लिहिणारी माणसं थंड मुलखातली. प्रत्येक प्रयोगाच्या वर लिहितात, 'घरातल्याच वस्तू वापरा', आणि खाली त्यांच्या घरातल्या वस्तू सांगतात. एका धड्यात जांभळा कोबी उकळायचा होता. तो रत्नागिरीच्या बाजारात त्या दिवशी नव्हता, म्हणून मी कोकमाचं आगळ घेतलं आणि त्यात खायचा सोडा टाकला. रंग बदलला, लाल होतं ते जांभळट हिरवट झालं, प्रयोग शंभर टक्के यशस्वी. फक्त ते आगळ फसफसून बरणीबाहेर आलं आणि ज्या लॅपटॉपवर धडा लावला होता त्याच्यावर पसरलं. (लॅपटॉप चालू आहे. काही बटणं दाबताना आंबट वास येतो.) ऑक्टोबरात दुसरा धडा आला, 'अंगणातल्या झाडाखाली बसा आणि पानगळीची नोंद ठेवा.' अंगणात झाड म्हणजे माड. मनस्वी वही घेऊन माडाखाली बसली. नम्रताताईंनी तिच्या डोक्यावर तेजलचं स्कूटीचं हेल्मेट चढवलं. पोर चिकट, अकरा दिवस बसली. बाराव्या दिवशी एक झावळी धाडकन खाली आली, तेव्हा तिची नोंद अशी: 'पाने गळली: एक. लांबी: माझ्या तिप्पट. परिणाम: कुत्रा अजून परत आलेला नाही.'

हे सगळं मजेत चाललं होतं. तेजलला रविवारी सुट्टी, म्हणून अवघड प्रयोग मी मुद्दाम रविवारी लावायचो. डिसेंबरात धडा आला हिमाचा. 'बाहेर जा. एक बरणी ताज्या हिमाने काठोकाठ भरा. वितळू द्या. किती पाणी उरलं ते मोजा.' आता बाहेर जाऊन बघतो तर भाट्याची वाळू आणि सुरूची झाडं. शहाण्या माणसाने धडा सोडून दिला असता. पण आदल्या दिवशी तेजल म्हणाली होती, "उद्या बर्फाचं काहीतरी आहे ना? मी लवकर उठते." झालं. बर्फ तो बर्फ, असं म्हणून मी रविवारी पहाट सरताच मिरकरवाड्याच्या बंदरावर गेलो. तिथे माझा शाळासोबती बाबल्या बर्फाच्या लाद्या फोडून ट्रॉलरवर चढवायचं काम करतो.

"मासे किती हायत?" त्याने विचारलं.

"मासे नाहीत. विज्ञान आहे."

"मग विज्ञान लवकर घेऊन जा. उन्हात नासतंय," असं म्हणून त्याने माशांच्या क्रेटमध्ये चुरा भरून दिला. क्रेट धुतलेला होता, असं बाबल्या म्हणतो. आदल्या दिवशी त्यात बांगडा होता, असंही बाबल्याच म्हणतो.

मनस्वीने लोणच्याची काचेची बरणी भरली, आपल्या बोटांनी मोजली, दहा बोटं चुरा. वास येतोय म्हणाली. मी म्हटलं, थंड मुलखाचा तसाच असतो. बरणी उन्हात ठेवली. ती आत पोहे खायला गेली. दहा वाजता मी बघतो तर बर्फ वितळून सहा बोटं पाणी. धड्यात स्पष्ट लिहिलेलं, दहा बोटं हिमाचं पाणी होतं एक बोट, कारण हिमात बहुतेक हवाच असते. इथे सहा. आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून तेजल चहाचे कप घेऊन निघाल्याचा आवाज आला. मामा, मी शपथेवर सांगतो, माझ्या मनात विचार म्हणून काही आलाच नाही. हात आपोआप गेला. मी बरणी उचलली, पाच बोटं पाणी माडाच्या बुंध्याशी ओतलं, बरणी जागेवर ठेवली आणि तेजल आली तेव्हा मी आभाळाकडे बघत होतो.

"एक बोट," मी म्हटलं. "अगदी धड्यात दिलंय तसं."

तेजल म्हणाली, "वा." चहा छान होता. साधारण चार घोट झाले असतील. मग गोदाकाकींची तीन मांजरं कुंपणाखालून ओळीने आली, आमच्याकडे न बघता माडाकडे गेली आणि उजव्या अंगाची माती चाटायला लागली. मनस्वी वही घेऊन माझ्यामागे उभी होती, ते मला माहीत नव्हतं. तिने आधी मांजरं मोजली. आत गेली, तांब्याभर विहिरीचं पाणी आणलं, शेजारच्या माडाखाली ओतलं आणि घड्याळ लावून बसली. पाच मिनिटं. एकही मांजर तिकडे फिरकलं नाही. मग तिने लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं: 'भरला: दहा बोटं. खिडकीतून दहा वाजता दिसलं: सहा. साडेदहाला: एक. साध्या पाण्याला आलेली मांजरं: शून्य. दादाच्या माडाला आलेली मांजरं: तीन. निष्कर्ष: मिरकरवाड्याच्या बर्फाचं पाच बोटं पाणी दादाने ओतलं.'

तेजल हसली नाही. हसली असती तर मी निभावून नेलं असतं. तिने कप खाली ठेवला आणि विचारलं, "तुमच्या सरांनी तुम्हाला याहून वेगळं काय सांगितलं होतं?" मग म्हणाली, "माझ्याकडे रोज लोकांच्या रक्ताच्या बाटल्या येतात. उद्या मी एखाद्याची साखर अशीच माडाखाली ओतली आणि पुस्तकातला आकडा लिहिला, तर?" (तुमची नव्हे. तिने उदाहरण दिलं.) उत्तर नसलं की मला राग येतो, हे तुम्ही जाणताच. मी म्हटलं, मला इथे शिकवायला ठेवलंय, माझी तपासणी करायला नाही. नम्रताताई दारात आल्या, त्यांना म्हटलं, उद्यापासून दुसरा बघा. आणि बाइकला किक मारून निघालो. क्रेट तिथेच राहिला. सोबत मांजरं राहिली.

चार दिवस मी भाट्याच्या पुलाकडे बघितलं नाही. पाचव्या दिवशी सगळा राग त्या फुकट धड्यावर काढायचा ठरवला. धड्याच्या तळाशी पत्ता होता, 'आम्हाला कळवा'. मी दोन तास खपून इंग्रजीत कळवलं. तुमचा धडा खोटा आहे, आमच्याकडे दहाचे सहा झाले, तुमच्यामुळे मी पाणी ओतलं, तीन मांजरांनी साक्ष दिली, एका मुलीच्या नजरेतून उतरलो, याची भरपाई कोण करणार, वगैरे. तुम्ही वाचलं असतंत तर मसुदा म्हणून नापास केला असता, पण भावना पास होती.

दुसऱ्या दिवशी उत्तर. एक निवृत्त शिक्षिका, वय एक्याऐंशी, खिडकीच्या उंचीइतकं हिम पडतं अशा गावात राहणाऱ्या, हे धडे हौसेने लिहितात. त्यांनी लिहिलं होतं, फोडलेला बर्फ आणि पडलेलं हिम या दोन वेगळ्या गोष्टी, तुमचे सहा अगदी बरोबर आहेत. चूक माझी, जिथे हिमच पडत नाही तिथल्या मुलांनी काय करायचं हे मी कधी लिहिलंच नाही. शेजारच्या झाडाखाली साधं पाणी ओतून बघणारी ती मुलगी कोण? तिच्या वहीचं पान मला मिळेल का? आणि खाली एक ओळ: 'मांजरांचे फोटो असल्यास उत्तम.'

मामा, सहा बरोबर होते. मी खरं पाणी ओतून खोटं ठेवलं होतं. ते पत्र घेऊन मी भाट्याला गेलो, मनस्वीसमोर पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, पान देते, पण जसं झालं तसं छापायचं. तसं छापलं आहे. आता त्या धड्याखाली एक नवं पान आहे: ठिकाण रत्नागिरी, बर्फ मासळीचा, निरीक्षण मनस्वी, तुलनेसाठी विहिरीचं पाणी, साक्षीदार तीन (फोटोसह), पाणी ओतणारा विनीत. जगातल्या कुठल्याही घरशाळेतलं पोर आता एक पैसा न देता वाचू शकतं की तुमचा भाचा लबाड आहे. बाईंनी वर विचारलंय, बाकीचे धडे तुमच्या भाषेत उतरवाल का, तुमच्याकडच्या वस्तू घालून. उतरवतोय. आठ झाले. कोबीच्या जागी आगळ, पानगळीच्या जागी झावळी आणि हेल्मेट.

हे सगळं होत असताना तेजल माझ्याशी बोलत नव्हती असं नाही. बोलायची, पण लॅबमध्ये पेशंटशी बोलतात तसं: बसा, हात पुढे करा, झालं. परवाच्या रविवारी धडा आला लंबकाचा. मी म्हटलं, हा राहू दे. मनस्वी म्हणाली, का. कारण सांगता येईना म्हणून दोरा बांधला. गोळ्याच्या जागी नारळ नको म्हटलं, कुलूप बांधलं. तेजल मोबाइलवर वेळ लावणार, मी मोजणार. कुलूप सोडलं आणि मी म्हटलं, "एक." मनस्वी म्हणाली, "थांब. दादा, सोडताना शून्य म्हणायचं. एक झोका पुरा झाला की एक. तू एकापासून धरलंस तर वीस म्हणशील तेव्हा एकोणीसच झालेले असतात. धड्यात जाड अक्षरात लिहिलंय." मी धडा बघितला. जाड अक्षरात होतं. मी स्वतःच आदल्या दिवशी मराठीत उतरवलं होतं. शून्यापासून मोजलं, हिशेब केला, नऊ पॉइंट सात. एकापासून मोजून केला, दहा पॉइंट आठ. रत्नागिरीच्या कातळाखाली काही नाही, मामा.

मी कुलूप हातात धरून उभा होतो. तेजलने दोन्ही आकडे बघितले, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "म्हणजे सरांनी न मोजता लिहायला सांगितलं ते चूक. आणि तू चुकीचं मोजून भांडलास." मग म्हणाली, "आता काय करणार तू?" मामा, प्रश्न अवघड होता, पण माझं प्रश्नाकडे लक्षच नव्हतं. चार महिन्यांत पहिल्यांदा ती मला 'तू' म्हणाली होती, तेही दोनदा. घरी येताना भाट्याचा पूल कधी संपला ते कळलं नाही. एका एसटीवाल्याने मला शिवी दिली, तिचंही वाईट वाटलं नाही.

असो. तरी खुलासा एवढाच की कॉलेजचा विषय माझ्याकडून कायमचा निकाली निघाला आहे. आकडा माझा चुकला, मान्य. पण मोजला मी, त्यांनी मोजलासुद्धा नाही. मी परत त्या टेबलासमोर उभा राहणार नाही. काजूचाही विचार सोडावा. प्रकरण दप्तरी दाखल करावं, ही विनंती. मामींच्या हातच्या फणसाच्या पोळीची आठवण येते. गुडघ्याला शेक चालू ठेवा.

आपला आज्ञाधारक (काही बाबतींत) भाचा,
विनीत

ता. क. केवळ माहितीसाठी विचारतो. एखाद्याने भर वर्गात सरांसमोर जर्नल आपटलं असेल, आणि त्याला आपटल्याबद्दल माफी मागायची असेल पण नक्कल करायला नकार दिल्याबद्दल मागायची नसेल, तर तसा अर्ज कसा लिहितात? म्हणजे अर्धीच माफी, पण वाचणाऱ्याला पुरी वाटावी अशी. तुमच्या हाताखालून असे पुष्कळ गेले असतील. मसुदा शक्य तो उलट टपाली पाठवा. पुढच्या सत्राला बसू देतात का, हेही सोबत लिहिलंत तर बरं. नाव घालू नका, जागा मोकळी सोडा.

ता. ता. क. वर तेजलबद्दल जे लिहिलंय ते मामींना वाचून दाखवू नये. मी तिला अजून काही विचारलेलं नाही. मामींना कळलं तर संध्याकाळपर्यंत लांज्यालाही कळेल.

पुन्हा ता. क. मसुदा नको. आत्ता तेजलचा फोन आला. तिने अर्धी सुट्टी टाकली आहे आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी स्कूटी घेऊन उभी आहे. सरांकडे चल म्हणाली. मी म्हटलं, माफीचा मामांचा मसुदा यायचाय. ती म्हणाली, "मामांना चार दिवस लागतील. सर आज बारापर्यंत कॉलेजच्या लॅबमध्ये आहेत, मी फोन करून विचारलंय. तू आत जाऊन तोंडाने सांग, मी बाहेर थांबते." मी विचारलं, आणि त्यांनी हाकललं तर. ती म्हणाली, "तरी थांबलेलीच असेन. आणि तुला दुसरं जे विचारायचंय ना, ते परत येताना विचार." मी म्हटलं, मला कुठे काय विचारायचंय. तिने फोन ठेवला आणि हॉर्न दिला. आई खिडकीतून बघतेय, तुम्ही आईला काही सांगू नका, ती आपणहून फोन करेलच. इस्त्रीचा शर्ट सापडला आहे. पत्र वाटेत पेटीत टाकतो. हे शेवटचं अक्षर वाकडं आलं असेल, कारण मी बाहेर आलोय, दार ओढून घेतलंय आणि कागद त्याच्यावरच टेकवून लिहितोय.